धर गं जरा दार

आमच्या गाडीचं पुढचं डावं दार उघडं राहत नव्हतं. उघडायचं नीट, पण हात सोडला की आपलं हळूहळू मागं यायचं. वारा असला तर हळूहळूही नाही, धाडकन. गाडी 2009 सालची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. त्या वयाच्या माणसाचंही काही ना काही जागेवर थांबेनासं होतंच.

आता ही तक्रार तरी कुणापुढं मांडायची? ब्रेक लागत होते, दिवे लागत होते, गाडी रोज दुकानापर्यंत जाऊन येत होती. दार बंद होत नसतं तर यांनी त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडं नेली असती. उघडं राहत नाही, याला कोण दुखणं म्हणतं? मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, ‘‘धरलं की थांबतंय की.’’

खरंच होतं. धरलं की थांबत होतं. धरायला मी होते.

आमच्या गाडीत बसायच्या जागा ठरलेल्या. हे चालवणार. त्यांच्या शेजारी आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई. वय 81, दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून पाय लांब करता येतात त्या पुढच्या जागेवर. मी मागं. माझ्या मांडीवर पूजेच्या सामानाची पिशवी, पायाशी गाळलेल्या पाण्याची बाटली, आणि परतताना ऊन कलायच्या आत खाता यावं म्हणून घेतलेला डबा. आक्कांनी रात्रीचं जेवण सोडून चाळीस वर्षं होऊन गेली. त्यामुळं आमच्याकडं कुठंही जायचं म्हटलं की घड्याळ सूर्यास्तापासून उलटं मोजायचं.

गाडी थांबली की आधी मी उतरायचं. पिशवी खांद्याला, डबा एका हातात, दुसऱ्या हातानं पुढचं दार उघडून कमरेनं अडवून धरायचं. मग आक्का आडव्या होऊन बसणार, एक पाय बाहेर, मग दुसरा, मग श्वास, मग ‘‘णमो अरिहंताणं’’, मग उठणार. एवढं सगळं होईपर्यंत तीन-चार मिनिटं सहज जायची. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायचा. आणि आतून हे म्हणायचे, ‘‘धर गं जरा दार नीट.’’

माझ्या माहेरी, निपाणीच्या बाजूच्या खेड्यात, सोप्याच्या मोठ्या दाराला एक जुना वरवंटा लावलेला असायचा. मध्ये झिजून कमरेत बारीक झालेला. वाटायच्या कामाचा राहिला नाही म्हणून आजीनं दाराला बसवला होता. येणारं-जाणारं माणूस त्याला पायानं सरकवून पुढं जायचं. गाडीचं दार धरून उभी राहिले की मला तो वरवंटा आठवायचा. हसू यायचं. रोजच यायचं असं नाही.

बेळगावचा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते. जवळजवळ अडीच हजार फुटांवरचं गाव, पश्चिमेला घाट. आषाढ लागला की वारा पावसाला घेऊन आडवा येतो. छत्री उलटी होते, वाळत घातलेली चादर शेजारच्या अंगणात जाते. तिथं गाडीच्या सैल दाराचं काय चालणार? उताराचंही मला पुढं पुढं कळायला लागलं होतं. गाडीचं तोंड चढाकडं असलं की दार आपोआप मिटायला बघतं. उताराकडं असलं की हातातून निसटून भसकन पुढं जातं. या दाराची बिजागरी पुढच्या बाजूला असते, त्यामुळं असं होतं. हे मला कुणी शिकवलं नाही. कमरेला कळलं.

ज्येष्ठातली गोष्ट. आक्कांना स्तवनिधीला जायचं होतं. आमच्याकडच्या सगळ्यांनाच ते क्षेत्र माहीत आहे. माझ्या माहेरच्यांना तर त्याचा अभिमान, कारण 1899 साली दक्षिण भारत जैन सभा तिथंच स्थापन झाली आणि आमच्या आजोबांचे वडील त्या दिवशी तिथं होते म्हणतात. (ज्यांचे ज्यांचे पणजोबा तिथं होते असं मी ऐकलंय, ते सगळे खरंच असते तर त्या डोंगरात उभं राहायला जागा उरली नसती.) बेळगावहून तवंदीचा घाट लागेपर्यंत सत्तरेक किलोमीटर. सकाळी लवकर निघालो. रविवार, गर्दी. जिथं जागा मिळाली तिथं यांनी गाडी लावली. तोंड चढाकडं.

मी उतरले. दार उघडलं, कंबर लावली. आक्कांनी दोन्ही पाय बाहेर काढले. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा पुण्याहून. तो रविवारीच फोन करतो, आणि उचलला नाही की परत आठवड्यानंच. पिशवीच्या तळाशी फोन, वर नारळ, अक्षतांची डबी. मी फोन काढायला वाकले आणि एक पाऊल मागं झाले.

दार आलं. फार जोरात नाही. आवाजही असा नाही आला. आक्का ‘‘आं’’ म्हणाल्या, एवढंच. मी पटकन दार धरलं, ‘‘लागलं का?’’ म्हणून विचारलं. ‘‘नाही गं. साडीला लागलं,’’ म्हणाल्या. मुलगा फोनवर ‘हॅलो हॅलो’ करत होता. मी त्याच्याशी बोलत बोलतच आक्कांना हात दिला. दर्शन झालं, अभिषेक बघितला, डबा खाल्ला, सूर्यास्ताच्या आत घरी आलो. मी तर म्हटलं, छान दिवस गेला.

त्यानंतर आक्का गाडीत बसेनाशा झाल्या. एकदम नाही. आधी म्हणाल्या, पाऊस फार आहे. मग म्हणाल्या, बस्तीत आता गर्दीचं सोसत नाही, मी घरीच माळ फिरवते. नणंदेच्या नातवाच्या बारशालाही आल्या नाहीत. आमच्या घरात सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला, वय झालं. हे तर म्हणाले, ‘‘बरंय, घरी आहे तेवढी सुरक्षित आहे.’’ आणि मला, खोटं कशाला बोलू, मला थोडं हलकंच वाटलं. कंबर मोकळी झाली होती.

श्रावणात एक दिवस पावसाला जरा खंड पडला म्हणून मी मागच्या दोरीवरचे कपडे बघायला गेले. आक्कांच्या लुगड्याच्या आड एक पट्टी वाळत होती. माझ्याच जुन्या इरकलीची, हिरव्या काठाची, हातभर लांब. तिला हळदीचा डाग होता आणि हळदीच्या मध्ये तपकिरी डाग होता. तो कसला ते सांगायला बाईमाणसाला वैद्य लागत नाही.

मी आत जाऊन त्यांच्यापुढं खाली बसले. म्हटलं, ‘‘पाय दाखवा.’’

‘‘कसला पाय?’’

‘‘दाखवा.’’

नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, दाराच्या खालच्या कोपऱ्याचा आकार उमटला होता. कातडी या वयात कागदासारखी. त्यात हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. जखम वरून धरायची, आतून ओली राहायची. भोवतीचा निळेपणा आता पिवळा पडत चालला होता. दोन महिने होत आले होते. दोन महिने ही बाई माझ्यासमोर रोज जेवायला बसत होती आणि साडीच्या आत माझ्याच साडीची पट्टी बांधत होती.

मला रडू आलं आणि रागही आला. म्हटलं, ‘‘का सांगितलं नाहीत हो?’’

आक्का खिडकीकडं बघत म्हणाल्या, ‘‘सांगितलं असतं तर तू परत मला घेऊन गेली असतीस का कुठं? भ्यायली असतीस. मग माझ्याबरोबर येणार कोण?’’ मग जरा थांबून, ‘‘आणि भ्याले मीच. बघ की.’’

डॉक्टर झाले, ड्रेसिंग झालं, डॉक्टरांचं बोलणं खाऊन झालं. रात्री यांना पाय दाखवला. यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. म्हणाले, ‘‘उद्या गाडी नेतो.’’ उद्या दुकानात माल उतरायचा होता. परवा कुणाची तरी मयत. तेव्हा मला आठवलं, दोन वर्षांपूर्वी यांच्या बाजूच्या दाराला हाच आजार झाला होता. दुकानासमोर ते यांच्या गुडघ्यावर आलं होतं आणि संध्याकाळी घरी आले ते दार दुरुस्त करूनच. वाईट बुद्धीनं नव्हे हो. स्वतःच्या गुडघ्याला लागलं की लगेच कळतं, एवढंच. पण मी त्या वेळी ‘‘डावंही बघून घ्या’’ म्हटलं नव्हतं, हे माझं मला आठवलं. का म्हटलं नाही? धरायची सवय झाली होती, म्हणून.

तिसऱ्या दिवशी मीच उद्यमबागेतल्या मिस्त्रीला फोन केला. तिकडं फाउंड्र्या, लेथ, वर्कशॉप, लोखंडाची कामं करणाऱ्यांची सगळी वस्तीच आहे. हा मिस्त्री आमच्या ओळखीचा. स्कूटरवर हत्यारांची पेटी घेऊन घरीच आला. गाडी अंगणात होती. हे त्या दिवशी दुकानात चालत गेले, एवढं मात्र केलं त्यांनी.

‘‘वैनी, याला काय काय केलंय आधी?’’

मी सांगितलं. दिवाळीत पेट्रोल पंपाजवळच्या एका पोरानं ग्रीस मारलं होतं. त्यानं दाराचं करकरणं थांबलं आणि दार आणखीच सैल झालं. मग कुणी तरी सांगितलं म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत गुंडाळला होता. तो कोरड्यात तीन आठवडे टिकला आणि पहिल्या पावसात घसरायला लागला. मिस्त्री हसला. ‘‘झिजलेल्याला तेल लावून काय होतंय? आवाज जातो. काम येत नाही.’’

त्यानं पहिल्यांदा दार अर्धं उघडलं, कडेला खालून दोन्ही हात घातले आणि वर उचलून बघितलं. मी म्हटलं हे काय? म्हणाला, दार वरखाली हललं तर बिजागरीची पिन झिजलीय समजायचं. मग आधी ते काम, नाहीतर नवीन भाग घालून उपयोग नाही, तोही लवकर जातो. आमचं दार हललं नाही. ‘‘बिजागरी झकास आहे. चेक गेलाय.’’

चेक म्हणजे काय ते मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. इतकी वर्षं त्याचंच काम करत होते, पण त्याची-माझी ओळख नव्हती. दार उघडलं की दोन बिजागऱ्यांच्या मध्ये एक लोखंडी पट्टी दिसते बघा, गाडीच्या खांबाला एका टोकानं जोडलेली आणि दाराच्या पोटात शिरणारी. ती पट्टी सरळ नसते, तिला उंचसखल खाचा असतात. दाराच्या आत एक डबी, डबीत दोन बारके रोलर, त्यांना मागून दाबून धरणारं रबर किंवा स्प्रिंग. दार उघडताना पट्टी डबीतून सरकते, रोलर खाचेत बसतात आणि दार थांबतं. एक खाच अर्ध्यावर, एक पूर्ण उघडल्यावर. पट्टीच्या शेवटी जाड टोक, म्हणजे दार त्याच्याही पुढं जाऊन गाडीच्या मडगार्डवर आपटू नये. एवढासा जिन्नस. उलथन्याएवढाही नाही.

त्यानं आधी काच पूर्ण वर करायला लावली. काच खाली असली तर आत हात घालायला अडचण, आणि फुटायची भीती. मग हाताशी धरायच्या खोबणीतले स्क्रू काढले. काच फिरवायच्या हँडलमागं जुनं फडकं घालून दोन्ही हातांनी भांडं घासल्यासारखं मागंपुढं ओढलं, तर आतली बारीक तारेची क्लिप टुणकन उडाली. ती शोधायला मला पाच मिनिटं लागली, तुळशीच्या कुंडीत सापडली. मग पॅनेल कडेनं सोडवलं. त्याच्या आत काळ्या चिकट डिंकानं लावलेला प्लास्टिकचा कागद. तो फाडायचा नाही, सावकाश सोलायचा, कारण काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी गाडीत येऊ न देण्याचं काम त्याचं.

दाराचं पोट उघडं पडलं आणि मी म्हटलं, ‘‘थांबा.’’

आत एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. पांढरी कापसासारखी पिशवी आणि शेजारी ती बसलेली, पाय मुडपून. मिस्त्री हात मागं घेऊन उभा राहिला. ‘‘काढा वैनी. तुमच्यात असतंय ते, ठाऊक आहे मला.’’ मी देव्हाऱ्याजवळचा मऊ कुंचला आणला, जुन्या पंचांगाचं पान खाली धरलं आणि तिला तिच्या पिशवीसकट पारिजातकाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. कुठून शिरली असेल, आणि आमची दारं आपटत असताना इतके दिवस कशी राहिली असेल, कोण जाणे. आक्का ओसरीवरून बघत होत्या. ‘‘मोडली नाही ना गं पिशवी?’’ म्हणाल्या. पाय पुढं लांब केलेला, त्यावर डॉक्टरांची पांढरी पट्टी.

मग त्यानं खांबाकडचा बोल्ट सोडला, दाराच्या कडेचे दोन बोल्ट दहा नंबरच्या पान्यानं सोडले आणि ती डबी आतून फिरवून फिरवून बाहेर काढली. काढायच्या आधी दाराला दोरी बांधली, खिडकीवरच्या हँडलपासून. आता त्याला अडवणारं काहीच नाही, वाऱ्यानं गेलं तर पुढचा पत्रा चेपेल, म्हणून. डबी माझ्या तळहातावर ठेवली. एक रोलर फुटलेला, दुसरा फिरायचाच बंद झालेला, रबराचा काळा चुरा. पट्टीच्या खाचा पार गुळगुळीत. ‘‘हा घेऊनच जावा दुकानात. गाडीचं नाव सांगून आणू नका. पुढच्या दाराचा वेगळा, मागच्याचा वेगळा.’’

मी तशीच स्कूटी काढली. दुकानदारानं आधी मागच्या दाराचाच दिला, मी जुना काउंटरवर ठेवून भोकं जुळवून बघितली, लांबी बघितली आणि परत केला. तो म्हणाला, ‘‘मॅडम, साहेबांना पाठवा ना.’’ मी म्हटलं, साहेबांचं दार चांगलं आहे. त्याला काही कळलं नाही. 480 रुपये झाले. 480 रुपये! गेल्या दिवाळीला आम्ही त्याच्या दुपटीची फटाक्यांऐवजी मिठाई वाटली होती.

नवीन चेक बसवायला काढण्यापेक्षा कमी वेळ लागला. दाराच्या कडेची रबरी गादी आधी नीट बसवायची, मग दोन बोल्ट, शेवटी खांबाकडचा. पट्टीला बोटभर पांढरं ग्रीस. दार उघडलं. कट्. आणखी उघडलं. कट्. मिस्त्रीनं हात सोडला, दार जागेवर. मी फुंकर मारून बघितली. खरंच मारली, हसू नका.

जाताना तो आक्कांजवळ गेला. ‘‘आज्जी, दाराला धरून उठू नका बरं का. भार पडला की दार बसतं, मग बिजागरी जाते. वर छताला हँडल आहे, त्याला धरा.’’ आक्कांनी मान हलवली. ‘‘होय की रे. मला कुणी सांगितलंच नव्हतं.’’ तेही खरं. सोळा वर्षांत त्या हँडलला यांचे इस्त्रीचे कपडे अडकवण्यापलीकडं कुणी हात लावला नव्हता.

जखम भरायला आणखी तीन आठवडे गेले. दशलक्षण आलं, आक्कांनी घरीच केलं. क्षमावणीच्या दिवशी लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं आणि ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं. दरवर्षी म्हणतोच. यंदा मी वाकले आणि माझा हात त्या पट्टीच्या जागी गेला. नवीन गुलाबी कातडी आली होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. आक्काच म्हणाल्या, ‘‘फोन उचललास ते बरं केलंस. पोरगं आठवड्यातून एकदा करतंय.’’ मग हे आले, वाकले, आणि पाया पडून झाल्यावर तिथंच जरा वेळ बसून राहिले. काय बोलले मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात होते आणि मुद्दाम तिथंच राहिले.

आश्विनात ऊन पडल्यावर आक्का आपणहून म्हणाल्या, किल्ल्यात जाऊ या, कमलबस्तीला. 1204 सालची ती बस्ती, छताला दगडाचं उमललेलं कमळ, आत काळ्या पाषाणातले नेमिनाथ. लग्न होऊन बेळगावात आल्यावर आक्कांनी मला पहिल्यांदा नेलं ते तिथंच. यांनी गाडी सपाट जागा बघून लावली. दोनदा मागंपुढं करून लावली, कुणी काही म्हटलं नव्हतं तरी.

मी उतरले. दार उघडलं. कट्, कट्. आक्कांनी एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, वरचं हँडल पकडलं, श्वास घेतला. मी दाराला कंबर लावून उभी. खांद्याला पिशवी, हातात डबा.

‘‘सोड की गं आता ते,’’ आक्का म्हणाल्या.

मी बाजूला झाले. दार तिथंच होतं. मी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि मोकळा हात त्यांच्यापुढं केला, पण तोवर त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.